देवगिरीच्या बागा आणि त्यांतील तुरट रस

छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येला, दौलताबादपासून खुलताबाद आणि वेरूळपर्यंत पसरलेल्या काळ्या पाषाणाच्या डोंगराळ पट्ट्यात द्राक्ष, अंजीर, डाळिंब, पेरू आणि सीताफळ ही फळे शतकानुशतके पिकत आली आहेत. पाऊस वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडी हवा आणि कडक ऊन. जमीन उतारावर मुरमाड, खाली काळी. अशा ठिकाणी झाडाला पाण्याइतकीच उन्हापासून संरक्षणाची गरज असते, आणि हे संरक्षण ते स्वतःच्याच पेशींत तयार करते. ज्या द्रव्यांना आज अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखले जाते, ती मुळात झाडाने स्वतःसाठी केलेली तरतूद आहे. माणसाच्या ताटात ती पुढे आली.

पान सूर्यप्रकाश शोषते, पण शोषलेला सगळा प्रकाश त्याला वापरता येत नाही. पाणी कमी पडले की पानावरची रंध्रे मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येणे थांबते आणि वापराविना राहिलेली ऊर्जा प्राणवायूवर जाऊन पडते. त्यातून सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी प्राणवायूची जहाल रूपे तयार होतात. ती पेशीतील मेद, प्रथिने आणि डीएनए यांना इजा करतात. मेदाच्या बाबतीत तर एका रेणूची मोडतोड शेजारच्या रेणूला लागते आणि साखळी सुरू होते. ती तोडण्यासाठी झाडाजवळ क आणि ई जीवनसत्त्वे, कॅरोटिनॉइडे आणि हजारो प्रकारची फिनॉलवर्गीय द्रव्ये असतात. फिनॉलचा रेणू आपल्याकडचा एक हायड्रोजन अणू जहाल मूलकाला देऊन टाकतो. त्यानंतर तो स्वतः मूलक बनतो खरा, पण इतका स्थिर की पुढे कोणाला त्रास देत नाही, आणि साखळी तिथेच थांबते. ही द्रव्ये प्रामुख्याने साल, बी, टरफल आणि पान यांत साठतात. जिभेला त्यांतली बरीचशी तुरट किंवा कडवट लागतात आणि डोळ्यांना लाल, जांभळी, पिवळी दिसतात. म्हणून विसाव्या शतकाआधीचा त्यांचा इतिहास प्रयोगशाळेत सापडत नाही. तो चव, रंग आणि पदार्थाचा टिकाऊपणा या तीन गोष्टींतून शोधावा लागतो.

या परिसराचा व्यापाराशी आलेला संबंध फार जुना. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचे हे शहर, तिथून गाड्यांवर लादून गोमेदासारखे दगड बंदरावर येत, असे तीत नोंदले आहे. त्याच बंदरात इटली, लाओडिकिया आणि अरबस्तान येथील द्राक्षमद्य उतरत असे. म्हणजे द्राक्षाचा रस सातवाहनांच्या काळी पश्चिम किनाऱ्यावर आयात मालाच्या रूपाने येत होता. त्याची वेल दख्खनच्या पठारावर केव्हा रुजली, याचा ठोस लेखी पुरावा मात्र बऱ्याच नंतरचा, चौदाव्या शतकातला आहे.

वनस्पतींच्या गुणांविषयी पद्धतशीर लेखन या भूमीत झाले ते यादवांच्या काळात. पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास देवगिरीला राजधानी केली आणि पुढच्या सव्वाशे वर्षांत हे शहर विद्येचे मोठे केंद्र बनले. त्यातील वैद्यकाचा भाग आजच्या वाचकाला फारसा परिचित नाही, आणि ही मोठी उणीव आहे. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप. त्याचे नाव मंदिरबांधणीची शैली, मोडी लिपी आणि ‘चतुर्वर्गचिंतामणी’ यांच्याशी जोडले जाते. पण वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीकाही त्याने लिहिली, आणि तिचा सूत्रस्थानावरील भाग आजही अभ्यासला जातो. हेमाद्रीच्या आश्रयाला असलेला व्याकरणकार बोपदेव हा केशव नावाच्या वैद्याचा मुलगा. केशवाने ‘सिद्धमंत्र’ या ग्रंथात औषधी आणि आहारातील द्रव्यांची वात, पित्त, कफ यांवरील परिणामांनुसार वर्गवारी केली आणि बोपदेवाने त्यावर ‘प्रकाश’ ही टीका लिहिली. त्याआधी, सिंघण राजाच्या दरबारी, ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेवही वैद्यांच्याच घराण्यातला होता. संगीतावरच्या त्या ग्रंथाच्या प्रारंभी शरीररचनेचे सविस्तर वर्णन येते, त्याचे मूळ याच परंपरेत आहे.

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात अन्नद्रव्यांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील फळांच्या वर्गात द्राक्षाला पहिला मान दिला आहे, तर हिरडा, बेहडा आणि आवळा यांच्या त्रिफळेला श्रेष्ठ रसायन म्हटले आहे. रसायन म्हणजे शरीरातील धातू उत्तम ठेवून वार्धक्य लांबवणारे द्रव्य. या कल्पनेचे आजच्या अँटिऑक्सिडंटशी थेट समीकरण मांडण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यात दोन्ही बाजूंवर अन्याय आहे. यादवकालीन वैद्य रस, वीर्य, विपाक आणि गुण यांच्या भाषेत विचार करत होता. मुक्त मूलक ही कल्पना त्याच्यापुढे नव्हती आणि तिची त्याला गरजही नव्हती. तरी एका ठिकाणी दोन्ही निरीक्षणे खरोखर जवळ येतात. सहा रसांपैकी कषाय, म्हणजे तुरट, हा रस जिथे प्रबळ आहे तिथे बहुतेक वेळा टॅनिनवर्गीय फिनॉले असतात. ती लाळेतील प्रथिनांना चिकटतात आणि तोंड ओढल्यासारखे होते. हिरड्यात आणि बेहड्यात ही टॅनिने भरपूर आहेत. आवळ्यात आंबट रसाच्या जोडीला ती आहेतच. जिभेवरची परीक्षा ही त्या काळची फिनॉलांची सर्वांत सोपी चाचणी होती, आणि तिच्या आधारे द्रव्यांची निवड करणारे लोक निरीक्षणात कच्चे नव्हते.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीची स्वारी आली आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी देवगिरीला हलवून तिचे नाव दौलताबाद ठेवले. प्रयोग फसला, पण त्यानिमित्ताने उत्तरेतील आणि त्याही पलीकडच्या इराण, मध्य आशिया या प्रदेशांतील माणसे इथे येऊन राहिली. त्यांची खाण्याची आवड त्यांच्याबरोबर आली. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ मध्ये दिल्लीहून चीनकडे निघाला आणि वाटेत दौलताबादला थांबला. इथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळतात, अशी त्याची नोंद आहे. दख्खनच्या द्राक्षबागांविषयीच्या सर्वांत जुन्या लेखी साक्षींपैकी ही एक.

ही नोंद वाचून थोडे थांबायला हवे, कारण तीत इथल्या बागाईतीचे मर्म आले आहे. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात निजते आणि वर्षातून एकदाच फळते. दख्खनच्या पठारावर तिला पूर्ण झोप लागत नाही. छाटणी केली की ती पुन्हा फुटते. म्हणून इथे एप्रिलमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये एक अशा दोन छाटण्या होतात. पूर्वी दोन्हींचे पीक घेतले जाई. पावसात पिकणारे घड आंबट राहत आणि सडत, म्हणून पुढे एप्रिलची खरड छाटणी फक्त काडी तयार करण्यासाठी उरली आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीवर फळ घेण्याची पद्धत पक्की झाली. अंजिराचेही दोन बहार: पावसाळ्यात येणारा खट्टा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा मीठा. नावातच कुठला खायचा ते सांगितले आहे. डाळिंबाला मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार धरता येतात. बहार धरायचा म्हणजे आधी झाडाचे पाणी तोडायचे, पानगळ होऊ द्यायची, आळी उकरून मुळ्यांना ऊन दाखवायचे, मग खत घालून पाणी सुरू करायचे. याला शेतकरी ताण देणे म्हणतात. मोजून दिलेला पाण्याचा ताण काळ्या द्राक्षांच्या सालीत अँथोसायनिन वाढवतो, असे पुढे अनेक देशांतील प्रयोगांत दिसून आले. बागाईतदाराला हवी होती ती फळधारणा आणि गोडी. सालीतला रंग त्याच्या हिशेबात बहुधा नव्हता, पण जी पद्धत त्याने बसवली ती झाडाच्या संरक्षणद्रव्यांना पोषकच होती.

बागांचा खरा विस्तार पाण्यामुळे झाला. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवले आणि उत्तरेकडच्या डोंगरांतील झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या दगडी आणि खापरी नळांतून शहरात आणले. ही नहर-ए-अंबरी. उतार साधून, ठिकठिकाणी मनोरे उभारून पाण्याचा दाब राखण्याची तिची रचना इतकी पक्की होती की पुढच्या काळात तिच्या धर्तीवर आणखी नहरी खोदल्या गेल्या. १६५३ मध्ये औरंगजेबाने शहराला औरंगाबाद हे नाव दिले. ते २०२३ पर्यंत चालले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की १७४४ मध्ये उभी राहिली तीही अशाच नहरीच्या पाण्यावर. मोगल काळात शहराच्या उत्तरेला हिमायत बाग आणि खुलताबादला बनी बेगम बाग फुलली. शोभेच्या झाडांइतकीच त्यांत फळझाडेही होती, आणि हिमायत बागेचा हा वारसा पुढे आधुनिक संशोधनाकडे गेला.

याच शतकांत अमेरिकेतील फळे दख्खनमध्ये स्थिरावली. पोर्तुगीजांनी आणलेल्या मिरचीने आधीच्या मिऱ्यांची जागा बऱ्याच अंशी घेतली आणि आपल्याबरोबर लाल कॅरोटिनॉइडे आणली. पेरू आला, त्याने क जीवनसत्त्वाचा असा साठा आणला की गरिबाच्या आवाक्यातील कोणतेही दुसरे फळ, आवळा वगळता, त्याच्या जवळ येत नाही. सीताफळ मुरमाड उतारावर इतके रमले की दौलताबाद आणि बालाघाटच्या डोंगरांत ते रानात आपोआप उगवू लागले. अजिंठ्याच्या लेण्यांतील छतांवर सीताफळासारखे दिसणारे एक फळ रंगवलेले आहे आणि त्यावरून हे झाड इथले मूळचे असावे, असा तर्क एकोणिसाव्या शतकापासून मांडला गेला. वनस्पतिशास्त्राचा पुरावा मात्र त्याची जन्मभूमी उष्ण अमेरिका हीच असल्याचे सांगतो. सीताफळाला ना ताण लागतो ना नहर. शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही, आणि त्याच्या बियांतील द्रव्ये कीटकांना मारक आहेत. बियांची पूड डोक्यातील उवांवर लावण्याची जुनी रीत आहे, पण ती पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते, हे त्या रीतीबरोबरच सांगितले पाहिजे. वनस्पतीतील नैसर्गिक द्रव्य म्हणजे निरुपद्रवी द्रव्य, असा समज करून घेणाऱ्यांना हे एक फळ पुरेसे उत्तर आहे.

फळे ऋतूपुरती आणि बहुतांशी पैसा असणाऱ्यांची. मराठवाड्यातील सामान्य घरात या द्रव्यांचा रोजचा स्रोत होता तो तेलबिया, मसाले आणि पालेभाज्या यांचा. त्यात करडईचे स्थान वेगळे आहे. रब्बीच्या ज्वारीच्या कडेने करडईचे पाटे टाकायची इथली पद्धत. काटेरी झाडामुळे गुरे आत शिरत नाहीत, कोवळ्या पाल्याची भाजी होते, बियांचे तेल निघते आणि फुलांच्या पाकळ्यांपासून रंग. पाकळ्या आधी साध्या पाण्यात धुऊन पिवळा रंग काढून टाकायचा, मग खाराच्या पाण्यात लाल रंग उतरवायचा आणि लिंबू किंवा चिंचेसारख्या आंबट पाण्याने तो कापडावर बसवायचा. हा कुसुंबी रंग. त्याचे द्रव्य कार्थामिन हे फ्लॅव्होनॉइडांच्या जवळच्या कुळातले. ते उन्हात विटते, म्हणजे स्वतःच ऑक्सिडीकरणाला बळी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले आणि हा धंदा जवळजवळ संपला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांच्या करडईवर काम केले आणि पाकळ्यांच्या चहालाही चालना दिली, तेव्हा रंगाऐवजी आरोग्यासाठी त्या पुन्हा वेचल्या जाऊ लागल्या.

करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते. हे मेदाम्ल हृदयाच्या दृष्टीने चांगले मानले जाते, पण रासायनिकदृष्ट्या नाजूक आहे. त्याच्या रेणूतील दोन द्विबंधांच्या मधली जागा प्राणवायू सहज पकडतो आणि तेल खवट होते. घाण्यावरच्या तेलात बियांतील ई जीवनसत्त्व बऱ्यापैकी उतरते आणि तेच तेलाची पहिली राखण करते. तरीही जुन्या घरांत तेल गरजेपुरतेच काढून आणत, चिनी मातीच्या बरणीत किंवा डब्यात अंधाऱ्या कोनाड्यात ठेवत, कारण उजेड, उष्णता आणि हवा हे तिन्ही खवटपणा वाढवतात. कारळ, जवस आणि तीळ यांच्या चटण्यांतही हाच अनुभव. जवसाची चटणी थोडी थोडी करतात, तिळाची जास्त दिवस राहते. जवसातील ओमेगा-३ मेदाम्ल करडईच्या तेलापेक्षाही नाजूक आहे. तिळात सेसॅमिन आणि सेसॅमोलिन ही द्रव्ये आहेत, आणि भाजल्यावर सेसॅमोलिनपासून सेसॅमॉल हे अधिक प्रभावी ऑक्सिडीकरणरोधी द्रव्य तयार होते. भाजलेल्या तिळाचे तेल टिकते, हे बायकांना रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

लोणचे हा या ज्ञानाचा सर्वांत पूर्ण नमुना. मोहरी, मेथी, हळद आणि हिंग तेलात घालायचे, फोडी मिठात मुरवायच्या आणि वर तेलाचा थर राखायचा. मीठ आणि आम्ल जंतूंना रोखतात, तेलाचा थर फोडींपर्यंत हवा पोहोचू देत नाही आणि मसाल्यातील फिनॉले त्या तेलालाच जपतात. मराठवाड्याचा येसर याच वर्गातला. धान्ये आणि डाळी मसाल्याबरोबर भाजून दळलेले हे पीठ लग्नकार्याआधी किंवा उन्हाळ्यात करून ठेवायचे आणि पुढे महिनोन् महिने आमटीला वापरायचे. लवंग-दालचिनीतील युजेनॉल वासासाठी असते तसे टिकावासाठीही. शहरातील नान-कलियाची परंपरा तुघलकाच्या फौजेच्या लंगरापर्यंत नेली जाते. ती कथा आहे, पण नानवर फिरवलेला हळदीचा हात आणि कलियातील खड्या मसाल्यांचे प्रमाण पाहिले की लांबच्या वाटेवर अन्न टिकवण्याची गरज त्या पाककृतीत डोकावते, असे मानायला जागा आहे.

प्रयोगशाळेतील इतिहास हळदीपासूनच सुरू करता येतो. तिच्यातील पिवळे द्रव्य, कर्क्युमिन, युरोपात १८१५ मध्ये वेगळे काढले गेले आणि १९१० मध्ये त्याची रचना निश्चित झाली. ऑक्सिडीकरण थोड्याशा फिनॉलने थांबते, हे फ्रान्समध्ये मुरो आणि दुफ्रेस यांनी १९२० च्या दशकात दाखवले. त्यांचा रस कारखान्यात होता, आहारात नव्हता. आल्बेर्ट सेंट-ड्यॉर्डी यांनी १९२८ मध्ये वेगळे केलेले द्रव्य क जीवनसत्त्व ठरले आणि १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५६ मध्ये डेन्हम हार्मन यांनी वार्धक्याचे कारण मुक्त मूलकांत शोधणारा सिद्धान्त मांडला, आणि १९६९ मध्ये मॅक्कॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडचा नायनाट करणारे विकर प्राण्यांच्या पेशीत दाखवल्यावर त्याला बळ आले.

भारतात या विषयाची पायाभरणी कुन्नूरच्या प्रयोगशाळेत झाली. तिथल्या संशोधनावर आधारलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. ही संस्था १९५८ मध्ये हैदराबादला आली, पण तोवर, १९५६ मध्ये, मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला होता. त्याच १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ. हिमायत बाग आज त्याच कृषी विद्यापीठाचे फळसंशोधन केंद्र आहे. मोगली बागेचे हे रूपांतर शहराच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे आणि तिची वाच्यता व्हावी तेवढी होत नाही. तिथून निघालेल्या चिंचेच्या वाणाला ‘प्रतिष्ठान’ हे पैठणचे जुने नाव दिले आहे.

अन्नघटकांच्या तक्त्यांनी काय साधले, हे आवळा आणि पेरू यांच्या आकड्यांवरून कळते. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम आणि पेरूत २१२ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिले आहे. २०१७ च्या नव्या तक्त्यात पेरूचा आकडा जवळपास तोच राहिला, आवळ्याचा मात्र सुमारे २५० वर आला. जुन्या रासायनिक पद्धतींत क जीवनसत्त्वासारखेच वागणारे इतर पदार्थही मोजले जाण्याची शक्यता असते, आणि आवळ्यात तुरट टॅनिने भरपूर. कमी झालेल्या आकड्यानंतरही आवळा पेरूच्या पुढेच आहे.

हळदीने याच काळात आणखी एक लढाई पाहिली. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ आणि आधीचे शोधनिबंध पुराव्यादाखल मांडून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. केशव आणि हेमाद्री यांच्यासारख्यांनी लिहून ठेवण्याची जी परंपरा जपली, तिचे मोल या खटल्याने जगाला दाखवले. हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले.

याच दशकात एक मोठा भ्रम मात्र तुटला. फळे आणि भाज्या भरपूर खाणाऱ्यांना काही रोग कमी होतात, हे निरीक्षण होते. त्यातून द्रव्य वेगळे काढून गोळीच्या रूपाने दिले तर तोच लाभ मिळेल, असा अंदाज बांधला गेला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतील अशीच एक चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. परीक्षानळीतील ऑक्सिडीकरणरोधी ताकद मोजून पदार्थांची क्रमवारी लावणारी ‘ओरॅक’ यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा शरीरातील परिणामाशी संबंध सिद्ध होत नव्हता आणि विक्रेते त्यांचा जाहिरातीत वापर करत होते.

शरीरात जे घडते ते जास्त गुंतागुंतीचे आहे. बहुतेक फिनॉले आतड्यातून थोडीच शोषली जातात. उरलेली मोठ्या आतड्यातील जिवाणू मोडतात आणि त्यांचे लहान तुकडे रक्तात जातात. त्यांचा परिणाम मूलक पकडण्यापेक्षा पेशींच्या स्वतःच्या संरक्षक यंत्रणा जागवण्यातून होत असावा, असे आज अनेक संशोधक मानतात. कर्क्युमिन एकटे जवळजवळ शोषलेच जात नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी मिऱ्यातील पिपरीन त्याच्याबरोबर दिले, तेव्हा माणसांतील शोषण वीसपटींनी वाढल्याचे आढळले. मराठवाड्याच्या ताटाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट लोहाची आहे. ज्वारी-बाजरीतील फायटेट आणि जेवणानंतरच्या चहातील टॅनिन लोह अडवतात, तर पेरू, आवळा किंवा भाकरीबरोबर पिळलेले लिंबू यांतील क जीवनसत्त्व लोहाला शोषणयोग्य रूपात ठेवते. ज्या प्रदेशात बायका-मुलांतील रक्तक्षय हा जुना प्रश्न आहे, तिथे हा उपयोग आयुष्य वाढवण्याच्या कोणत्याही दाव्यापेक्षा मोलाचा आहे.

फळांच्या वाणांचा अलीकडचा इतिहास या द्रव्यांच्या बाजूने आणि विरुद्ध असा दोन्हीकडे गेला. दख्खनमध्ये फकडी, भोकरी, साहेबी आणि काळे हबशी ही द्राक्षे एके काळी प्रसिद्ध होती. हबशीच्या जाड काळ्या सालीत अँथोसायनिन आणि बियांत टॅनिने. १९६० नंतर थॉमसन सीडलेस या हिरव्या, बिनबियांच्या वाणाने बाजार जिंकला. ग्राहकाला गोडी आणि सोय मिळाली, पण द्राक्षातील फिनॉलांची दोन मोठी कोठारे, काळी साल आणि बी, ताटातून निघून गेली. शरद सीडलेससारख्या काळ्या वाणांनी त्यांतले एक परत आणले. डाळिंबात उलट झाले. पुण्यात निवडलेला फिकट गुलाबी, मऊ दाण्यांचा ‘गणेश’ अनेक दशके लोकप्रिय होता. त्याचा रशियातून आलेल्या गुल-ए-शाह रेडशी संकर करून लाल दाण्यांची पिढी आली आणि त्यातूनच राहुरीच्या कृषी विद्यापीठाने दिलेल्या ‘भगवा’ या गर्द लाल वाणाने गणेशची जागा घेतली. निर्यातीच्या बाजाराला रंग हवा होता. रंगाबरोबर अँथोसायनिन आपोआप आले. अंजिरात जुन्या ‘दौलताबाद’ वाणातून सुधारून निवडलेला ‘दिनकर’ पुढे आला. २०१२-१३ च्या दुष्काळात पैठण, अंबड आणि जालना भागातील मोसंबीच्या कित्येक बागा वाळून गेल्या, आणि मलिक अंबरने सोडवलेला पाण्याचा प्रश्न चारशे वर्षांनंतरही फळबागेचे भवितव्य ठरवतो, हे पुन्हा दिसले.

कोरडवाहू शेतकऱ्याला म्हणूनच सीताफळ जवळचे वाटते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि अंबाजोगाईच्या संशोधन केंद्राने ‘धारूर-६’ हा मोठ्या फळाचा वाण दिला. पण पिकल्यावर हे फळ दोन-तीन दिवसांच्या वर राहत नाही, आणि गर काढून ठेवायचा तर त्यातील फिनॉलेच आड येतात. फळ फुटले की पेशींतील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर फिनॉलांना भेटते, हवेतील प्राणवायू मिसळतो आणि पांढरा गर काही वेळातच तपकिरी होतो. गर तापवून विकर मारावे तर तो कडवट होतो. म्हणून प्रक्रिया करणारे गरात क जीवनसत्त्व मिसळतात, जे प्राणवायूला आधी स्वतः सामोरे जाते, आणि उणे १८ अंश किंवा त्याखाली तो गोठवून ठेवतात. फळ फोडल्यापासून गोठवेपर्यंत जितका वेळ कमी लागेल, तितका गर पांढरा राहतो आणि आइस्क्रीम-बासुंदीवाल्यांकडून त्याला तितका चांगला भाव मिळतो.